तपकिरीची डबी आणि चार शिक्के

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये घडलेली तपकिरीची सोन्याची डबी उघडून आतल्या बाजूला भिंग धरले, की बहुधा एकाच जागी न मिळता झाकणात, तळाशी आणि कडेच्या पट्टीवर विखुरलेले चार बारीक शिक्के दिसतात. बाहेरून ती डबी कितीही मोहक असो, तिच्याविषयी खात्रीने सांगता येईल असे जवळजवळ सगळे या आतल्या शिक्क्यांत साठवलेले असते: ती कोणी घडवली, कोणत्या वर्षी घडवली, तिच्या सोन्याचा कस तपासला गेला का आणि तिच्यावरचा कर भरला गेला का. लंडनच्या वॉलेस संग्रहालयात शंभराच्या आसपास सोन्याच्या डब्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक फ्रेंच आहेत. त्या पाहताना मला बराच वेळ एकच चुटपुट लागून राहिली. ज्या कारागिरीने मी तिथे खिळून उभा होतो तिच्याविषयी हे चारही शिक्के अवाक्षर काढत नाहीत, कारण ते सोन्याविषयी बोलतात आणि मी पाहत होतो तो मिना, म्हणजे सोन्यावर चढवलेला काचेचा रंगीत थर.

आधी शिक्क्यांचे सांगतो. पॅरिसच्या सोनारांचा संघ हा शहरातल्या सहा मानाच्या व्यापारी संघांपैकी एक होता आणि त्यातल्या उस्तादांची संख्या तीनशेवर बांधलेली होती. आठ वर्षांची उमेदवारी, त्यानंतर कारागीर म्हणून काढलेली वर्षे आणि शेवटी परीक्षेसाठी केलेला नमुना, एवढे पार पडल्यावर जागा रिकामी असेल तर उस्तादपद मिळे. मुलगा उस्तादाचाच असेल तर वाट पुष्कळ सोपी होई, हे सांगायला नकोच. उस्ताद झालेला माणूस आपला ठसा तांब्याच्या पत्र्यावर उमटवून संघाच्या कचेरीत नोंदवत असे. मुकुटाखाली लिलीचे फूल, दोन ठिपके, नावाची आद्याक्षरे आणि त्यांच्यासोबत तारा, हृदय किंवा एखादा पक्षी अशी स्वतःची खूण, असा तो ठसा असे. ते दोन ठिपके शोभेचे नव्हते, कायद्याने धातूच्या कसात दिलेल्या दोन ग्रेनच्या सवलतीची ती आठवण होती. डब्यांसारख्या लहान वस्तूंना सोने सव्वावीस कॅरटचे लागे. बावनकशी म्हणावे असे ते नव्हते, पण घडवायला कणखर आणि मिना धरायला योग्य होते.

दुसरा शिक्का करवसुलीच्या मक्तेदाराचा. डबी अर्धवट घडलेली असतानाच ती त्याच्या कचेरीत न्यावी लागे, तिथे कराची जबाबदारी ठरवणारा शिक्का बसे आणि मगच पुढचे काम करता येई. तिसरा संघाच्या कचेरीतला, कसोटी झाल्याचा. त्यावर मुकुटाखाली एक अक्षर असे आणि संघाचे नवे पंच निवडून आले की ते अक्षर बदले. याच अक्षरामुळे अडीचशे वर्षांनंतर आपण डबी 1754-55 सालची किंवा 1770-71 सालची असे बिनदिक्कत सांगू शकतो. चौथा शिक्का डबी पूर्ण झाल्यावर, कर चुकता झाल्याचा. तो अगदी बारीक, कारण एव्हाना नक्षी पूर्ण झालेली असे आणि मोठा ठसा मारला तर कामाची नासाडी व्हायची.

या व्यवस्थेचा एक गमतीदार परिणाम असा झाला, की फ्रेंच डब्यांच्या कोणत्याही गंभीर सूचीत आज ज्युलिएँ बेर्त, एलुआ ब्रिशार, ज्याँ-जाक प्रेव्हो, ज्युलिएँ अलातेर ही नावे पुन्हापुन्हा वाचावी लागतात. यांपैकी कोणीही कधी हातात हातोडी धरली नाही. बेर्तच्या नावावर करवसुलीचा मक्ता 1750 ते 1756 होता आणि ब्रिशारच्या नावावर त्यानंतरची सहा वर्षे, एवढाच त्यांचा कलेशी संबंध. डबीच्या झाकणावर गुलाबाच्या पाकळीची कड गुलाबीकडून पांढऱ्याकडे वळवणाऱ्या माणसाचे नाव मात्र बहुतेक वेळा कुठेच नाही. त्याचे नाव पुसून टाकण्याचे कारस्थान कोणी केले नव्हते. मिन्यावर कर नव्हता, म्हणून मीनाकाराचा शिक्का नव्हता, इतके ते सरळ आहे.

एक डबी किती हातांतून जात असे, हे पाहिले की ही गोष्ट आणखी बोचते. ग्राहक बहुधा सोनाराकडे जातच नसे. तो जाई चैनीच्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे, ज्याला पॅरिसमध्ये मार्शां-मेर्सिए म्हणत. या व्यापाऱ्याला स्वतः काही घडवण्याची परवानगी नव्हती, पण कोणाकडून काय करून घ्यायचे याची त्याची नजर पक्की असे. लझार द्युव्हो हा त्यांपैकी प्रसिद्ध. त्याची 1748 ते 1758 या काळातली विक्रीची रोजवही टिकून राहिली आहे आणि तिच्या पानांवर पंधराव्या लुईची प्रेयसी मादाम द पाँपादूर हिचे नाव सारखे भेटते. सोनार डबीचे अंग घडवी. बिजागरी बसवणे हे तर वेगळेच कसब होते, कारण तपकिरीचा सुगंध आणि ओलावा टिकायचा तर झाकण घट्ट बसायला हवे आणि तरीही एका हाताच्या अंगठ्याने ते सहज उघडायला हवे. चांगल्या डबीची बिजागरी बंद असताना दिसतच नाही, तिथे फक्त नक्षीची एक रेघ पुढे सरकल्यासारखी वाटते. मग कोरीवकाम करणारा येई आणि यंत्राच्या चरकावर नागमोडी रेघांची जाळी काढणारा येई. तांबे मिसळून लालसर, चांदी मिसळून हिरवट आणि लोखंड मिसळून निळसर-राखाडी केलेल्या सोन्याच्या फुलापानांनी सजावट करणाराही असे. शेवटी झिलई देणाऱ्या बायका. सोनाराची विधवा नवऱ्यामागे कारखाना चालवू शकत असे, पण झिलईवाल्या बायकांची नावे नोंदवण्याचे कारण कोणालाही पडले नाही.

आणि या सगळ्यांच्या मधे कुठेतरी मीनाकार.

मिना म्हणजे काच. ती दळायची, पाण्यात घोटून आणि पुन्हापुन्हा धुऊन तिच्यातला गढूळपणा काढायचा, कारण धुण्यात आळस झाला तर पारदर्शक रंग धुरकट येतो. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबे, पांढऱ्या अपारदर्शक थरासाठी कथील आणि गुलाबी ते जांभळ्या छटांसाठी खुद्द सोने, म्हणजे सोन्यावर सोन्याचाच रंग चढवायचा. ही ओलसर भुकटी कुंचल्याने किंवा अणकुचीदार सळईने सोन्यावर बसवायची, वाळवायची आणि सात-आठशे अंश सेल्सिअसच्या भट्टीत घालायची. भट्टीत एक-दोन मिनिटे इकडची तिकडे झाली की काम बिघडलेच. शिवाय सगळे रंग एकाच आचेवर पिकत नाहीत. ज्यांना जास्त आच लागते ते आधी आणि कमी आचेचे शेवटी असा क्रम पाळावा लागतो, आणि एका झाकणासाठी भट्टीच्या अनेक फेऱ्या होतात. दर फेरीला आधीचे सगळे काम पुन्हा पणाला लागते. सोन्याचे सांधे ज्या डाकाने जोडले आहेत तो डाक मिना वितळण्याच्या आधी सुटता कामा नये, म्हणजे सोनाराने डाक निवडतानाच मीनाकाराच्या भट्टीचा विचार केलेला असला पाहिजे. डबीवर नाव एकाचे असले तरी ती दोन माणसांनी एकमेकांच्या चुकांचा आधीच अंदाज घेऊन केलेली वस्तू आहे, असे मला वाटते ते यामुळे.

मी सर्वांत जास्त वेळ ज्या डबीसमोर उभा होतो ती चित्रांची नव्हतीच. लांबट गोल आकार, सबंध अंगावर गडद निळा पारदर्शक मिना, कडेने दुधी मण्यांची ओळ आणि तिच्याबाहेर हिरव्या पानांची बारीक वेल, अशी सोळाव्या लुईच्या काळात फार चाललेल्या धाटणीची ती डबी. लांबून पाहिली तर सपाट निळी. जरा वाकून, दिव्याचा कोन बदलून पाहिले की निळ्याच्या तळाशी सोन्यात कापलेल्या लाटा हलू लागतात. खोल कापलेल्या जागी काचेचा थर जाड, म्हणून रंग काळपट निळा. उथळ जागी थर पातळ, म्हणून तो जवळजवळ आकाशी. रंग एकच, भुकटीही एकच, आणि छटांचा सगळा खेळ खालच्या सोन्यातल्या केसभर उंचसखलपणाचा. चित्र काढलेल्या डब्यांपुढे लोक घोळक्याने थांबत होते आणि या निळ्या डबीवरून नजर पुढे सरकत होती. मला विचाराल तर मिन्याचे कसब तिथेच उघडे पडते, कारण चित्रात एखादी चूक झाडाच्या पानाआड लपवता येते, या सपाट निळ्यात भट्टीतला एक बुडबुडासुद्धा लपत नाही.

एवढे सगळे कशासाठी, तर चिमूटभर तपकिरीसाठी. पोर्तुगालमधला फ्रान्सचा वकील, म्हणजे राजदूत, ज्याँ निको याने 1560 च्या सुमारास तंबाखू फ्रान्सची राजमाता कातरीन द मेदिची हिच्या दरबारी पाठवली, तेव्हा ती औषध म्हणून. चौदाव्या लुईला तंबाखूचा तिटकारा होता. तो 1715 साली गेला आणि त्यानंतरच्या मोकळ्या वातावरणात तपकीर ओढणे हे सरदार घराण्यांतल्या स्त्रीपुरुषांचे रीतसर वळण झाले. आपल्याकडे तपकिरीची डबी म्हटली की निवृत्त मास्तर, पत्र्याची चपटी डबी आणि डाग पडलेला रुमाल डोळ्यांपुढे येतो. पॅरिसमध्ये मात्र डबी काढण्याची, झाकणावर टिचकी मारण्याची आणि ती समोरच्यापुढे धरण्याची एक अदब होती. डबी सरळ घरात ठेवायची वस्तू नव्हती, ती हातात खेळवायची वस्तू होती, आणि म्हणूनच तिचा तळसुद्धा झाकणाइतकाच सजवलेला असे. हिवाळ्याला जड डबी आणि उन्हाळ्याला हलकी असा शौक लोक करत. 1770 मध्ये मारी आंत्वानेत लग्न होऊन आली तेव्हा तिच्या लग्नाच्या भेटींमध्ये सोन्याच्या 52 डब्या होत्या. 1776 मध्ये वारलेल्या काँती राजपुत्राच्या संग्रहात त्या सुमारे 800 होत्या. इतक्या डब्यांतून तपकीर ओढायला माणसाला नाकेही तितकीच हवीत.

आणखी एक गंमत अशी, की डबीतल्या सोन्यावर जशी मक्तेदारांची नजर होती तशीच आतल्या तपकिरीवरही. फ्रान्समध्ये तंबाखूची मक्तेदारी 1674 पासून होती आणि 1730 पासून ती करवसुली करणाऱ्या मक्तेदारांच्या बड्या मंडळीकडेच आली. रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए या मंडळींपैकी एक. 8 मे 1794 रोजी त्याला आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांना गिलोटीनवर चढवले गेले, तेव्हा त्यांच्यावरच्या आरोपांत तंबाखूत पाणी मिसळून तिचे वजन वाढवल्याचाही एक आरोप होता.

आता ज्यांची नावे उरली त्यांच्याविषयी, कारण तीही काही लहान माणसे नव्हती. ज्याँ द्युक्रोले 1734 मध्ये उस्ताद झाला आणि त्याचे दुकान सीन नदीतल्या बेटावर प्लास दोफिन या चौकात, म्हणजे सोनारांच्या ऐन वस्तीत होते. शेजारच्या नदीकाठच्या रस्त्याला आजही सोनारांचा धक्काच म्हणतात. द्युक्रोलेच्या डब्यांवर फुले आणि पक्षी येतात आणि ते सोन्याच्या अंगातून उगवल्यासारखे दिसतात, कारण मिन्यासाठी पृष्ठभाग वेगळा न ठेवता डबीच्याच भिंतीत उठाव आणि खाचा कोरलेल्या असतात. ज्याँ जॉर्ज 1752 मध्ये उस्ताद झाला, तेरा वर्षांत गेला, आणि तेवढ्यात त्याच्या डब्या इतक्या गाजल्या की लोक त्यांना त्याच्याच नावाने ओळखू लागले. लुई रुसेल हा आणखी एक. त्याचे नाव मात्र एका डबीमुळे दुसऱ्याच्या सावलीत गेले.

ती डबी म्हणजे श्वाझलची डबी. एत्येन-फ्रांस्वा द श्वाझल हा पंधराव्या लुईचा बडा मंत्री, आणि 1770-71 चा शिक्का असलेल्या या डबीच्या सहाही बाजूंवर लुई-निकोला व्हान ब्लारेनबर्ग या चित्रकाराने काढलेली इवलीशी चित्रे बसवली आहेत. डबी जेमतेम आठ सेंटिमीटर लांब. तेवढ्यात श्वाझलच्या पॅरिसमधल्या वाड्याच्या खोल्या आहेत, टेबलाशी काम करणारा खुद्द श्वाझल आहे, आणि भिंतींवर टांगलेली चित्रे इतक्या नेमकेपणाने काढली आहेत की अभ्यासकांनी ती एकेक करून ओळखली. ओळखता आली याचे कारण जरा उदास करणारे आहे. डिसेंबर 1770 मध्ये श्वाझलची मर्जी गेली, त्याला त्याच्या शांतलूच्या गढीवर धाडण्यात आले, आणि 1772 मध्ये त्याच्या चित्रांचा लिलाव झाला. त्या लिलावाच्या नोंदी आणि डबीवरच्या भिंती ताडून पाहता येतात. खोल्यांमधली ती मांडणी आज कुठेच नाही, फक्त या डबीवर आहे. लूव्र संग्रहालयाने 2023 मध्ये ही डबी मिळवण्यासाठी लोकांकडून देणग्या गोळा केल्या तेव्हा सगळीकडे नाव घेतले गेले ते श्वाझलचे आणि व्हान ब्लारेनबर्गचे. रुसेलचा सोन्याचा सांगाडा, ज्यात ती चित्रे बसवली आहेत, त्याचा उल्लेख ओघात येतो. म्हणजे शिक्का असूनही माणूस मागे पडू शकतो. चित्रकार सही करत, सोनाराचा ठसा कायद्याने उमटे, आणि मीनाकार या दोहोंच्या मधल्या फटीत पडला. मायी, हामेलिन, ल स्यूर अशी मोजकी नावे मिन्यातल्या सह्यांमुळे टिकली आहेत. बाकीचे सगळे 'अज्ञात मीनाकार'.

राजदरबाराला या डब्यांचा एक वेगळाच उपयोग होता. परदेशी वकिलाला रोख रक्कम देणे अशोभनीय, पण राजाचे चित्र आणि भोवती हिरे असलेली डबी देणे शोभिवंत. वकिलाला चित्रापेक्षा पैशाची निकड असेल, तर ती डबी पुरवणाऱ्या सोनाराला परत विकता येई, सोनार तिच्यात थोडा बदल करी आणि तीच डबी पुढच्या वकिलाच्या हाती पडे. 1785 मध्ये अमेरिकेचा वकील बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसहून अमेरिकेला निघाला तेव्हा सोळाव्या लुईने त्याला आपले चित्र दिले, त्याच्याभोवती 408 हिरे होते. फ्रँकलिनने मृत्युपत्रात ते मुलीला देताना विनंती केली की या हिऱ्यांचे दागिने करू नकोस. मुलीने दागिने केले नाहीत, युरोपच्या प्रवासासाठी हिरे विकले. राजाचे चित्र आज फिलाडेल्फियात आहे, जवळजवळ सगळे हिरे गेलेले. अशा भेटींनी नव्या देशाचे लोक इतके अस्वस्थ झाले, की काँग्रेसच्या संमतीशिवाय परदेशी राजाकडून भेट घेता येणार नाही असे कलम त्यांनी राज्यघटनेत घातले.

हिऱ्यांचे जे झाले तेच सोन्याचेही होत आले होते. डबीची किंमत तिच्या घडणावळीत होती, पण फॅशन बदलली की घडणावळ शून्य आणि उरते ते मोडीचे सोने, हे गणित आपल्या सराफकट्ट्यावरही कोणाला समजावून सांगावे लागत नाही. फ्रेंच क्रांतीच्या आधीच कित्येक डब्या अशा आटल्या. क्रांतीत उरलेल्यांवर गदा आली. सप्टेंबर 1789 मध्ये पॅरिसच्या कलावंतांच्या बायका आपले दागिने राष्ट्राला अर्पण करायला सभागृहात गेल्या. त्यानंतर सोन्याच्या डबीतून तपकीर ओढणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे झाले. 1791 मध्ये सोनारांचा संघच बरखास्त झाला आणि त्यासोबत ती चार शिक्क्यांची व्यवस्था संपली. आटणीत मिना पहिल्यांदा जातो. मुशीत काचेची साय वर येते, ती काढून टाकतात आणि मग सोने तोलतात. 2003 मध्ये इंग्लंडच्या वॉड्सडन मॅनरमधून शंभरावर सोन्याच्या डब्या चोरीला गेल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये पॅरिसच्या कोन्याक-झे संग्रहालयात भरदिवसा कुऱ्हाडी घेऊन शिरलेल्यांनी सात डब्या पळवल्या. दोन्ही वेळा बातमी वाचताना मला आधी भीती वाटली ती मुशीची.

संघ गेला तरी काही माणसे टिकून राहिली. आद्रियाँ-ज्याँ-माक्सिमिलियाँ व्हाशेत 1779 मध्ये उस्ताद झाला, राजेशाहीत त्याने डब्या केल्या, क्रांती पाहिली, 1797 च्या कायद्याने ठशाचा आकार शंकरपाळ्यासारखा ठरवून दिला तेव्हा नवा ठसा घेतला, तपकिरीचा शौकीन असलेल्या नेपोलियनच्या राजवटीत काम केले आणि परतून आलेल्या राजांच्याही काळात करत राहिला. त्याच्या पुढच्या काळातल्या डब्यांत कासवाची पाठ, जुने लाख-काम, रंगीत दगडांचे तुकडे सोन्याच्या चौकटीत बसवलेले दिसतात. मिन्याला वेळ आणि बरेच हात लागतात, आणि ते हात पांगले होते, हे त्यामागचे एक कारण असावे असा माझा तर्क आहे.

पॅरिसच्या बाहेरही एक जग होते. जर्मनीतल्या हानाऊ गावात ह्युगेनो, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, निर्वासितांच्या वंशजांनी आणि स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या कारागिरांनी पॅरिसच्या धाटणीच्या मिन्याच्या डब्या मोठ्या संख्येने केल्या आणि त्यांच्यात पॅरिससारखे दिसणारे शिक्के मारले. मुकुट आहे, अक्षर आहे, पण जवळून पाहिले तर नोंदवहीत त्यांचा पत्ता नाही. बराच काळ सूचीकार अशा डब्यांना नुसते 'स्विस' म्हणून मोकळे होत. अलीकडच्या संशोधनात हानाऊचे तूसां बंधू यांच्यासारखी नावे एकेक करून बाहेर आली आहेत. यांपैकी कित्येक डब्यांचा मिना पॅरिसच्या चांगल्या कामाच्या तोडीचा आहे, काही वेळा सरसही आहे. पॅरिसमध्ये निदान कारखान्याच्या मालकाचे नाव तरी करवसुलीने वाचवले होते. हानाऊच्या मालकांनी गिऱ्हाइकाच्या हौसेखातर खोटा शिक्का मारला आणि आपलेही नाव मीनाकाराच्या नावाबरोबर घालवून बसले.